गाडी दिवसभर धावली, तरी मागची बॅटरी उपाशी का राहते?

सकाळी सहाला पुण्याहून निघालेली गाडी संध्याकाळी तारकर्लीला पोचते. मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं मुक्कामाचं छोटं घर, ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज आणि फ्रिजमध्ये मालवणच्या बाजारातून घेतलेली सुरमई. आठ-नऊ तास इंजिन चालू होतं, तेव्हा बॅटरी पूर्ण भरली असणार असं कुणालाही वाटेल. पण पहाटे तीनच्या सुमारास कॉम्प्रेसर दोनदा घरघरतो, डिस्प्लेवर लाल दिवा लुकलुकतो आणि फ्रिज बंद पडतो. दुकानदार सांगतो, बॅटरी गेली, नवी घ्या. नवी बसवतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

कॅम्पर घेऊन फिरणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा बॅटरीची काही चूक नसते. पुढच्या इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंत वीज पोचतच नाही, किंवा पोचते ती अर्धपोटी. नवी बॅटरी घेण्याआधी ही वाट तपासायला हवी. ती कशी, ते पुढे पाहू. ट्रेलर नसून व्हॅनमध्येच बिछाना टाकला असेल, तरी सगळं असंच लागू पडतं. फक्त वायर थोडी आखूड असते.

दोन बॅटऱ्या कशाला लागतात

बॉनेटखालची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी असते. तिच्यात शिशाच्या पातळ प्लेट्स खूप असतात. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. ती शंभर मीटर पळणारी आहे, आळंदी ते पंढरपूर चालणारी नव्हे. रात्रभर फ्रिज आणि पंखा तिच्यावर चालवला तर सकाळी इंजिन सुरू होणार नाही, आणि असं पाच-पंचवीस वेळा झालं तर ती कायमची जाते.

म्हणून दुसरी, म्हणजे ऑक्झिलरी बॅटरी. तिच्या प्लेट्स जाड असतात आणि थोडा थोडा प्रवाह तासन्‌तास देणं तिला जमतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची. पण ती उचलून गाडीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि घाटातल्या वळणांवर ॲसिड हिंदकळतं. जिथे माणसं झोपतात तिथे सीलबंद एजीएम बॅटरी (शिशाचीच, पण आतलं ॲसिड हिंदकळत नाही) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं लिथियम), एवढेच पर्याय ठेवावेत.

तीन शब्द इथेच समजून घेऊ. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे प्रवाह. अँपिअर-अवर म्हणजे साठा: १०० अँपिअर-अवरची बॅटरी ५ अँपिअरचा फ्रिज कागदावर २० तास चालवेल. प्रत्यक्षात शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे तिच्या १०० मधले ५० च आपले. लिथियममधले ८० ते ९० बिनधास्त वापरता येतात. शिवाय १०० अँपिअर-अवरची एजीएम साधारण ३० किलोची असते, तर तेवढीच लिथियम १२ किलोच्या आसपास.

व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या टाकीत उतरतं, कारण वरची उंच आहे. दोन्हींतली पातळी जवळ येऊ लागली की धार बारीक होते, आणि सारखी झाली की थांबते. बॅटरी अशीच भरते. १२ व्होल्टची म्हणवली जाणारी शिशाची बॅटरी पूर्ण भरल्यावर, काही तास स्वस्थ ठेवून मोजली, तर १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. तिला काठोकाठ भरायचं तर तिच्या टर्मिनलवर साधारण १४.४ व्होल्ट पोचायला हवेत. बॅटरीच्या जातीप्रमाणे आकडा थोडा वरखाली होतो, नक्की आकडा तिच्या लेबलवर छापलेला असतो.

टर्मिनलवर १४.४ ऐवजी १३.२ च पोचले तर बॅटरी भरत नाही असं नाही, पण भरायला दिवस लागतात. प्रवासात आपल्या हाती असतात तास. रोज ७० टक्क्यांवर थांबणारी शिशाची बॅटरी हळूहळू मरते. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो ना, तसा तिच्या प्लेट्सवर सल्फेटचा थर चढतो. आठवड्यात तो मऊ असतो आणि पूर्ण चार्ज केल्यावर विरघळतो. महिने गेले की घट्ट होतो आणि तेवढा भाग कामातून जातो. नवी बॅटरी काही महिन्यांतच निकामी का झाली, याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

वायरमध्ये हरवणारा व्होल्ट

इंजिनाला जोडलेला अल्टरनेटर वीज तयार करतो आणि बॉनेटखाली १४.२ व्होल्ट देतो असं धरू. तिथून ट्रेलरमधल्या बॅटरीपर्यंत वायर सहज ७ मीटर होते. वीज जाऊन परत यायला हवी, म्हणून हिशेबात धरायचे १४ मीटर. तांब्यासाठी सूत्र सोपं आहे: ०.०१७२ गुणिले जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, भागिले वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, आणि त्याला गुणिले अँपिअर. उत्तर येतं ते वाटेत सांडलेल्या व्होल्टचं.

२० अँपिअर पाठवायचे ठरवले आणि घरात सॉकेटला वापरतात ती २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली, तर १.९ व्होल्ट वाटेतच जातील. ६ च्या वायरमध्ये ०.८ जातील. १६ च्या वायरमध्ये ०.३.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "अहो, अडीचच्या वायरवर घरी गीझर चालतो, इथे काय होतंय?" त्याचंही खरं आहे, कारण २३० व्होल्टमधले दोन गेले तर टक्काभरही गेला नाही. इथे मात्र उंचीतला फरकच मुळात दीड व्होल्टचा आहे: वर १४.२, खाली १२.७. त्यातले १.९ वायर मागते. एवढे देणं शक्यच नाही, म्हणून २० अँपिअर वाहतच नाहीत. प्रवाह पाच-सातवर अडतो आणि बॅटरी भरेल तसा आणखी मंदावतो. नऊ तास गाडी पळते, आणि बॅटरीच्या पदरात पडतं अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी.

बिलावर "१६ स्क्वेअर एमएम" लिहिलंय म्हणजे आत १६ चं तांबं असेलच असंही नाही. बाजारात कार-ऑडिओच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास विकतात. वरून लालसर दिसते. एक तार सुटी करून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ऑस्ट्रेलियात कॅम्पर ट्रेलर घरोघरी आहेत, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना वेगळाच चकवा बसतो. तिथे "६ मिमी ऑटो केबल" म्हणजे प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास, आत तांबं ५ चौरस मिलिमीटरसुद्धा नसतं. "६ बी अँड एस" हा मात्र तांब्याच्या जाडीचा गेज क्रमांक, ती वायर १३ च्या वर असते. आकडा तोच, वायर जवळपास तिप्पट जाड.

किनाऱ्यावर वारंवार जाणाऱ्यांनी कल्हई केलेली तांब्याची वायर घ्यावी. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकतं, तसंच खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं. तो हिरवा थर लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) अन् वायर यांच्यात शिरला की जाड वायरही बारीक वायरसारखी वागते.

फ्रिजच्या वायरला हाच नियम आहे. फ्रिज स्वतःपाशी पोचलेला व्होल्टेज बघतो, बॅटरीवरचा नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह क्षणभर उसळतो, बारीक वायरमध्ये व्होल्टेज कोसळतो आणि बॅटरीत निम्म्याहून जास्त साठा असताना फ्रिज "बॅटरी लो" म्हणून बंद पडतो. पहाटे तीनची ती घरघर पुष्कळदा एवढ्यानेच होते.

नव्या गाडीत प्रश्न वाढतो तो का

जुन्या डिझेल गाड्यांचा अल्टरनेटर इंजिन चालू असेपर्यंत १४ च्या आसपास व्होल्ट देत राहायचा. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ नियम आले, आणि इंधन वाचवण्यासाठी अनेक नव्या गाड्यांत संगणकाच्या हुकमतीतला स्मार्ट अल्टरनेटर आला. पुढची बॅटरी पुरेशी भरली आहे असं दिसलं की हा अल्टरनेटर व्होल्टेज १२.५ ते १३ पर्यंत उतरवतो आणि इंजिनावरचा भार हलका करतो. उतारावर किंवा ब्रेक लावताना, फुकटात मिळणाऱ्या ऊर्जेवर, तोच १४.८-१५ पर्यंत चढतो. पुढच्या बॅटरीसाठी व्यवस्था उत्तम आहे. मागच्या बॅटरीसाठी मात्र वरची टाकीच खाली आणल्यासारखं होतं.

दोन बॅटऱ्यांमध्ये पूर्वी एक साधा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लावत. पुढे १३.३ च्या आसपास व्होल्ट दिसले की तो दोन्ही जोडतो, १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. जुन्या गाडीत, आखूड जाड वायरवर आणि शिशाच्या बॅटरीसाठी तो आजही चांगला चालतो, स्वस्तही आहे. स्मार्ट अल्टरनेटरपुढे तो दिवसभर टकटक करत जोडत-तोडत बसतो.

डीसी-डीसी चार्जर: विजेचा बूस्टर पंप

सोसायटीत महापालिकेचं पाणी कमी दाबाने आलं तर आपण बूस्टर पंप लावतो. डीसी-डीसी चार्जर तेच करतो. आत १२ व्होल्ट येवोत की १५, बाहेर तो बॅटरीला हवे तेवढेच देतो. सुरुवातीला पूर्ण जोराने, मग व्होल्टेज स्थिर धरून प्रवाह कमी करत, शेवटी नुसती बारीक धार. बॅटरीची जात निवडायला त्यावर बटण किंवा छोटे स्विच असतात. ती निवड तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. एजीएमची बॅटरी नि लिथियमची सेटिंग, ही चूक फार होते.

तो बसवायचा कुठे? भरायच्या बॅटरीजवळ, म्हणजे ट्रेलरमध्ये, शक्यतो मीटरभराच्या आत. बॉनेटखाली बसवला तर तो १४.४ काढेल खरा, पण पुढच्या सात मीटरमध्ये ते पुन्हा सांडतील. शिवाय बॉनेटखालच्या उकाड्यात चार्जर स्वतःला वाचवायला प्रवाह कमी करतो. चारी बाजूंनी चार-पाच बोटं मोकळी हवा ठेवा.

पंप लावला म्हणून पाइप बारीक चालतो असं नाही. २० अँपिअर देणारा चार्जर बाहेर २८८ वॅट देतो. दहा टक्के उष्णतेत गेले असं धरलं, तर १३ व्होल्टच्या वायरमधून तो जवळपास २५ अँपिअर ओढतो. म्हणजे लांब वायरवर बाहेरच्यापेक्षा जास्त प्रवाह. वायर बारीक असेल तर चार्जर चालू होताच त्याच्या तोंडाशी व्होल्टेज कोसळतो, तो समजतो इंजिन बंद झालं, आणि थांबतो. थांबला की व्होल्टेज वर येतो, तो पुन्हा सुरू होतो. दर काही सेकंदांनी उघडझाप करणारा हिरवा दिवा दिसला तर चार्जर बदलू नका, वायर बदला. ट्रेलरसाठी १६ स्क्वेअर एमएम ही माझ्या मते किमान जाडी आहे.

जोडणीत चार गोष्टींवर तडजोड करू नये.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे. वायर मध्ये कुठे घासून चासीला टेकली तर वीज दोन्हीकडून धावत येईल. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण चांगली बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओतते आणि काही सेकंदांत वायर लालबुंद होते. १६ च्या वायरला ५० अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. फ्यूजच्या आधीचा तुकडा असुरक्षित असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा.

परतीची वायर वेगळी टाका, तेवढ्याच जाडीची. ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो, तिथे ग्रीस असतं, गंज असतो, खडखड असते. त्या सांध्यातून वीज परत येईल अशी आशा धरू नये.

गाडी आणि ट्रेलर यांच्यात दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगवर भागवू नका, त्यातली वायर बारीक असते. ५० अँपिअरचा करडा अँडरसन प्लग लावा. फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो तोच. ट्रेलर सुटा असताना त्यावर झाकण हवं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तो चिखलाने भरतो.

आणि स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत चार्जरची इग्निशनची बारीक वायर सोडून देऊ नका. ती फ्यूज बॉक्समधल्या अशा जागी जोडायची, जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते. मग व्होल्टेज उतरला तरी इंजिन चालू आहे हे चार्जरला कळतं. अशा गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर काडेपेटीएवढा सेन्सर असतो. आपली निगेटिव्ह वायर थेट टर्मिनलला न लावता चासीच्या ठिकाणी लावा. टर्मिनलला लावली तर तो प्रवाह सेन्सरला दिसत नाही आणि संगणकाचा हिशेब चुकतो. कंपनीची मूळ वायरिंग कापू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

मग किती तास गाडी चालवावी लागते?

आधी खर्च मांडू. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४ ते ५ अँपिअर घेतो, पण कोकणातल्या उकाड्यातही चोवीस तास चालू नसतो. चाळीस टक्के वेळ धरला तर दिवसाला ४५ अँपिअर-अवर. पंखा रात्रभर, १५. दिवे, फोन आणि थोडा लॅपटॉप मिळून १५. एकूण ७५.

२० अँपिअरचा चार्जर लिथियमला हे चार तासांत परत देतो. शिशाच्या बॅटरीचं गणित वेगळं, कारण शेवटचे २० टक्के ती फार सावकाश घेते. एसटी स्टँडवर निम्मी बस पटकन भरते, शेवटचे दहा प्रवासी मात्र वाट काढत चढतात, तसं. तिच्यासाठी सहा ते आठ तास धरा. एजीएम १०० ची असेल तर मोठा चार्जर लावूनही फार फायदा नाही, २०-३० अँपिअरच्या वर ती घेत नाही. आणि ७५ खर्च करायचे तर शिशाची १५० ची लागेल, १०० ची नव्हे. हे खरेदीआधी लक्षात घेतलेलं बरं.

"दोन्ही बॅटऱ्या सरळ वायरने जोडल्या तर?"

चालतं, पहिल्या रात्रीपर्यंत. इंजिन बंद झालं की फ्रिज दोन्ही बॅटऱ्या मिळून रिकाम्या करतो आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. मध्ये रिले किंवा चार्जर असतो तो यासाठीच.

"लिथियम घेतली की प्रश्न मिटेल ना?"

निम्मा मिटेल आणि दोन नवे येतील. लिथियम जेवढी वीज मिळेल तेवढी ओढते. मध्ये डीसी-डीसी चार्जर नसेल तर ती अल्टरनेटरकडून त्याच्या क्षमतेपलीकडे मागते, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना, पंख्याची हवा कमी असताना, अल्टरनेटर जळू शकतो. चार्जरचा आकार अल्टरनेटरच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवावा: १२० अँपिअरच्या अल्टरनेटरला ४० पर्यंत.

दुसरा प्रश्न थंडीचा. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. म्हणून तिच्यातलं संरक्षण सर्किट चार्जिंग रोखतं. लडाखला जाणाऱ्यांना हे नक्की दिसेल. रात्री उंचावर मुक्काम, सकाळी गाडी सुरू, आणि चार्जिंगचा आकडा शून्य. तो बिघाड नाही. बॅटरी बाहेर, थंड पेटीत न ठेवता माणसांच्या कप्प्यात ठेवली की तासाभरात आकडा हलू लागतो.

लिथियमचा साठा व्होल्टमीटरवरून ओळखता येत नाही, हेही सांगायला हवं. ८० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना तिचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच असतो. त्यासाठी निगेटिव्ह वायरवर शंट (प्रवाह मोजायची धातूची पट्टी) बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मॉनिटर लागतो.

"मुक्कामी इंजिन तासभर चालू ठेवलं तर?"

मंद फिरणारा अल्टरनेटर त्याच्या क्षमतेच्या बऱ्याच खाली वीज देतो आणि इंजिन फुकट डिझेल पितं. चालत्या गाडीत २० अँपिअरच्या चार्जिंगचा जादा खर्च तासाला पाव लिटरच्याही आत असतो, तो सोसायला हरकत नाही. पण तंबूजवळ इंजिन चालू ठेवून झोपू नका, कधीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन-तीन दिवस एकाच जागी राहायचं असेल तर सोलर पॅनल घ्या. २०० वॅटचं पॅनल आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ५० ते ५५ अँपिअर-अवर देतं, म्हणजे वरच्या खर्चाचा बराचसा भाग. आंब्याखाली गाडी लावली तर पॅनल सुटं काढून उन्हात ठेवा. एका फांदीची सावलीही उत्पादन निम्म्याच्या खाली आणते. आणि पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

बॅटरी बदलण्याआधी दहा मिनिटं मल्टिमीटर

साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. मागची बॅटरी थोडी उतरलेली हवी, म्हणजे चार्जर पूर्ण जोराने ओढेल. इंजिन चालू करून पाच मिनिटं थांबा आणि एकाला गाडीपाशी उभं करा.

पहिलं माप पुढच्या बॅटरीवर. दुसरं, ट्रेलरच्या बाजूला, चार्जरच्या आत जाणाऱ्या टर्मिनलवर. तिसरं, मागच्या बॅटरीवर. पुढे १३.९ आणि चार्जरच्या तोंडाशी १३.५ असेल तर वायर निर्दोष. तिथे १२.४ असेल तर दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडतोय. मागच्या बॅटरीवर १४ च्या वर आकडा हळूहळू चढत गेला तर चार्जर नीट काम करतोय.

सांडणारा सांधा शोधायची युक्ती अशी: चार्जिंग चालू असतानाच मल्टिमीटरचं एक टोक सांध्याच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे, एकाच वायरवर लावा. चांगला सांधा ०.०५ पेक्षा कमी दाखवतो. फ्यूज होल्डर, अँडरसन प्लगच्या दोन्ही पिना, चासीचा बोल्ट, असं एकेक करत जा. निगेटिव्हची बाजू विसरू नका, दोष तिथे जास्त सापडतो. ०.१ च्या वर आकडा दिसला तर तो सांधा हाताने चाचपा. बहुधा कोमट लागेल. मग इंजिन बंद करा, दोन्ही फ्यूज काढा, लग कापून टाका, वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे सोला आणि नवा लग षटकोनी जबड्याच्या क्रिंपिंग टूलने दाबा. हातोडीने चेपलेला लग दोन घाटांत सैल होतो. वर श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवून पुन्हा मोजा. आकडा ०.०२-०.०३ वर यायला हवा.